रक्त काढायचं, पण किती? गॅलन, सेल्सस आणि सुश्रुताच्या काळातलं शिरेचं शास्त्र

सुईधारी (धागाकर्ती)

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे, १६ वर्षं झाली. दिवसभर काम एकच, दंडाला पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची, कोपराच्या खळगीत बोटाने चाचपून शीर शोधायची आणि सुई घालायची. पावसाळ्यात शिबिरं कमी असतात, तेव्हा शेजारच्या वैद्यांनी सुश्रुतसंहितेचं मराठी भाषांतर वाचायला दिलं, म्हणाले शारीरस्थानाचा आठवा अध्याय बघा, तुमच्याच कामाचा आहे. सिरावेधाचा, म्हणजे शीर उघडून रक्त काढायचा अध्याय. वाचायला बसले आणि खरंच अंगावर काटा आला.

त्यात लिहिलंय की हाताची शीर उघडायची तर रोग्याला नीट आसनावर बसवा, अंगठा आत दाबून मूठ वळायला सांगा, वर बंध बांधा आणि मग शीर फुगली की वेध करा. मी रोज पन्नास वेळा हेच सांगते! फक्त अंगठा आत घ्यायला सांगत नव्हते. आधी रोग्याला पातळ पेज पाजा असंही आहे, आम्ही विचारतो "काही खाऊन आलात ना", तेच. मांसल जागी शस्त्र जवाएवढं आत जाऊ दे, इतर ठिकाणी अर्ध्या जवाएवढं किंवा साळीच्या दाण्याएवढं. म्हणजे माप धान्याच्या दाण्याचं, पण माप आहे. आणि मग ती ओळ, की जो बेशुद्ध आहे, फार घाबरलाय, दमलाय किंवा तहानलेला आहे त्याची शीर टोचली तरी वाहत नाही. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नव्हतं, पहिल्या दोन वर्षांत हात पोळून शिकले. उन्हातून सायकल मारत आलेला, पाणी न प्यायलेला, पहिल्यांदाच रक्त देणारा पोरगा समोर बसला की शीर दोरीसारखी बारीक होते आणि पिशवी भरता भरत नाही.

तेव्हापासून मी याच विषयात अडकलेय. ग्रीक आणि रोमन वैद्यांचं मिळेल ते वाचलं. आपण सहज म्हणून टाकतो की जुने लोक अडाणी होते, उठसूट रक्त काढायचे. मला उलटच दिसलं. ते आपसात याच्यावरून प्रचंड भांडलेत, आणि भांडण नेहमी एकाच जागी येतं, थांबायचं कुठे.

थोडक्यात सांगते. ग्रीसमध्ये कॉस बेटावरच्या हिपोक्रेटिसच्या नावावर जी जुनी पुस्तकं आहेत त्यातल्या माणसाच्या प्रकृतीवरच्या पुस्तकात चार रस सांगितलेत, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ते त्याच्या जावयाने, म्हणजे पॉलिबसने लिहिलं असं मानतात. चारांचा तोल गेला की आजार, आणि जास्त झालेलं बाहेर काढलं की उपाय, म्हणजे उलटी, जुलाब, घाम नाहीतर रक्त. एवढंच असतं तर विषय संपला असता. पण पुढे इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात एरॅसिस्ट्रॅटस नावाचा वैद्य झाला, ज्याने हिरॉफिलस या दुसऱ्या वैद्याबरोबर त्या काळात माणसाच्या शरीराची चिरफाड करून अभ्यास केला, आणि तो रक्त काढायच्या जवळजवळ विरोधातच होता. त्याचं म्हणणं, शिरांमध्ये रक्त असतं आणि धमन्यांमध्ये हवेसारखं प्राणतत्त्व. शिरा ओसंडल्या की रक्त धमन्यांत घुसतं आणि आजार होतो. मग उपाय काय, तर उपास घाला, खाणंच कमी करा, नवीन रक्त कमी तयार होईल. छातीतून रक्त पडत असेल तर काखेत आणि जांघेत लोकर गुंडाळून बांधायचं, म्हणजे रक्त हातापायातच अडेल. निदान त्याचं चुकलं, पण रोग्याच्या अंगातलं एक थेंबही त्याला फुकट घालवायचं नव्हतं हे मला फार मोठं वाटतं.

पुढचं, गॅलन या ग्रीक वैद्याचं, प्रतिसादात लिहिते, जेवणाची वेळ झाली.

---

घाटवाट

जबरदस्त धागा ताई. जळवांबद्दल पण लिहा की. आम्ही दर जुलैला सह्याद्रीत फिरतो, घाटमाथ्यावरच्या जंगलात बुटात, मोज्यात सगळीकडे जळवा, आणि मिठाची पुरचुंडी खिशात ठेवल्याशिवाय कुणी निघत नाही. मीठ लावलं की लगेच सुटते. हे मीठ लावणं किती जुनं असेल?

---

वैद्यकी

घाटवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थेट सुश्रुतसंहितेत आहे, सूत्रस्थान अध्याय १३. जळू शुद्ध रक्त प्यायला लागली की दंशाच्या जागी टोचतं आणि खाज सुटते, तेव्हा ती काढायची, आणि सोडत नसेल तर तोंडावर सैंधवाची पूड टाकायची. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट, चांगल्या जळवा कुठे मिळतात ती नावं दिलीत, यवन, पांड्य, सह्य आणि पौतन. सह्य म्हणजे आपलाच सह्याद्री. मात्र तुमच्या मोज्यात शिरते ती जमिनीवरची जळू, औषधाला घेतात ती पाण्यातली, या दोन वेगळ्या.

एकूण १२ प्रकार, ६ विषारी ६ बिनविषारी. बिनविषारीतली नावं बघा किती देखणी, कपिला, पिंगला, शंकुमुखी, मूषिका, पुंडरीकमुखी, सावरिका. पकडायची ओल्या कातड्याने. मोठ्या नव्या मडक्यात तळ्याचं पाणी आणि चिखल घालून ठेवायची, शेवाळ आणि पाणकंदांची पूड खायला, झोपायला गवत आणि पाणवनस्पतींची पानं. दर तिसऱ्या दिवशी पाणी आणि खाणं बदलायचं, दर सातव्या दिवशी मडकं बदलायचं. एका किड्यासाठी इतकं. लावताना तिच्या अंगाला मोहरी-हळदीचं पाणी लावून जरा वेळ पाण्यात ठेवायची, मरगळ गेली की रोगाच्या जागी लावायची, वर ओलं पातळ पांढरं फडकं. धरत नसेल तर तिथे दुधाचा नाहीतर रक्ताचा थेंब सोडायचा. तोंड घोड्याच्या खुरासारखं करून मान उंचावली की समजायचं धरलं.

मग खरी परीक्षा, तिला ओकवायची. अंगाला तांदळाची पूड, तोंडाला तेल-मीठ, डाव्या हाताच्या चिमटीत शेपूट आणि उजव्या हाताने हळूहळू शेपटीकडून तोंडाकडे निपटायचं. पाण्यात सोडल्यावर खाण्यासाठी वळवळली तर पोट नीट रिकामं झालं. तळाशी जाऊन निपचित पडली तर नाही, परत ओकवायची, नाहीतर तिला इंद्रमद नावाचा आजार होतो. वाग्भट या नंतरच्या आयुर्वेदाचार्याने पुढे म्हटलंय की तीच जळू सात दिवस परत लावू नका. त्याचीच उपमा आहे की हंस जसा दूधपाण्यातून दूध आधी घेतो तशी जळू एकत्र मिसळलेल्यातलं आधी दूषित रक्त घेते. उपमा सुंदर आहे, पण जळूला असा विवेक नसतो हे आज आपल्याला माहीत आहे, मी स्वतः वैद्य असून हे सांगतो.

---

सुईधारी

वैद्यकी, मनापासून आभार, ते मडक्याचं मला माहीत नव्हतं. आता गॅलन.

पर्गमॉनचा (आजच्या तुर्कस्तानातलं जुनं ग्रीक शहर), जन्म इ.स. १२९. आधी तिथल्या ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, म्हणजे जखमा आणि वाहतं रक्त रोजचं. इ.स. १६२ मध्ये रोमला आला तर तिथे एरॅसिस्ट्रॅटसचे अनुयायी वैद्यकी करतायत आणि रक्त काढायचं नावच काढत नाहीत. हा तरुण, तापट माणूस, भर सभेत त्यांच्यावर तुटून पडला. याच विषयावर त्याची तीन पुस्तकं आहेत. धमनीत हवा नाही, रक्तच असतं, हे त्याने जिवंत जनावराची धमनी दोन्हीकडून बांधून मध्ये चिरून दाखवलं, आत रक्त निघालं. त्या मुद्द्यावर तो शंभर टक्के बरोबर होता. गंमत पुढे आहे (गंमत म्हणजे वाईटच), काही वर्षांनी बघतो तर तेच अनुयायी आता सरसकट सगळ्यांचं रक्त काढायला लागलेले! मग याला उलट बाजूने लिहावं लागलं की बाबांनो कुणाचं काढायचं, कधी, किती, हे तरी बघा. नाडी भक्कम आहे का, वय काय, ऋतू कुठला. १४ वर्षांच्या आतल्या मुलाची शीर उघडायची नाही असं त्याने घातलं.

पण तोच गॅलन जोरदार तापात रोगी बेशुद्ध पडेपर्यंत रक्त काढायचा. त्याने स्वतः लिहिलेली एक केस आहे, तरुण रोगी, ताप हटत नाही, याने शीर उघडली ती पोरगा बेशुद्ध होईपर्यंत, अंग गार पडलं, घाम सुटला, ताप उतरला. बघणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, अरे माणसा, तू तर तापाचा गळाच चिरलास. आणि सगळे हसले. मी हे वाचून हसू शकले नाही. आमच्याकडे रक्तदाता पांढरा पडून गार घामाने भिजायला लागला की आम्ही सुई काढून पाय वर करतो, कॉटभोवती धावपळ होते. तीच लक्षणं तिथे यशाची खूण धरलीत.

---

उंबरठा

सुईधारी, याच केसमध्ये मला उत्तर दिसतं की ही गोष्ट दोन हजार वर्षं टिकली कशी. लाल झालेला, तापाने तळमळणारा माणूस, नाडी टणटण उडतेय, रक्त काढलं की शांत पडतो, गार होतो. घरच्यांना डोळ्यांदेखत फरक दिसतो. आणि बरेच ताप आपोआपच उतरतात, तेव्हा श्रेय शेवटच्या उपायाला. दहा जणांचं काढलं, दहा जणांचं नाही, मग मोजलं, असं कुणी केलंच नाही. पॅरिसमध्ये पिएर लुई नावाच्या डॉक्टरने न्यूमोनियाच्या रोग्यांचे आकडे मांडून दाखवले ते थेट १८३५ साली. तोवर किती गेले असतील देव जाणे. जॉर्ज वॉशिंग्टनचं १४ डिसेंबर १७९९ ला घसा सुजल्याच्या आजारात एका दिवसात अनेकदा रक्त काढलं आणि त्याच रात्री तो गेला.

म्हणून मला प्राचीनांचं कौतुक करताना जरा हात आखडता घ्यावासा वाटतो. तंत्र बारकाईचं होतं हे मान्य, पण कारणच चुकीचं असेल तर बारकाईचा रोग्याला काय उपयोग?

---

सुईधारी

उंबरठा, तुमचा मुद्दा मी टाळत नाही, चुकीच्या कारणासाठी असंख्य माणसांचं रक्त गेलं हे खरंच आहे. मला एवढंच म्हणायचंय की त्यातल्या काहींनी स्वतःच्या हाताला लगाम घातला होता. सेल्सस बघा, इ.स. पहिल्या शतकातला रोमन लेखक. या विषयावरचं त्याचं सुरुवातीचंच वाक्य असं आहे की शीर कापून रक्त काढणं नवीन नाही, नवीन हे की रक्त काढत नाहीत असा आजारच आता जवळपास उरला नाही. यात काळजी आहे हो. पुढे तो म्हणतो की सराव असेल त्याला हे फार सोपं आणि अडाण्याला फार अवघड, कारण शिरेला लागूनच धमनी असते आणि तिथेच नसा. भीत भीत कापलं तर नुसती कातडी फाटते, शीर उघडत नाही. (नवीन मुली आमच्याकडे ट्रेनिंगला येतात त्यांचं अगदी हेच होतं, सुई कातडीवरच अडखळते, दात्याला दुखतं आणि रक्त येत नाही.) रक्ताचा रंग बघा, दाट आणि काळं असेल तर वाहू द्या, लाल आणि निथळ दिसलं की लगेच थांबा. आणि वयापेक्षा ताकद बघा, धट्टाकट्टा म्हातारा चालेल, अशक्त तरुण नाही.

सुश्रुतात तर वरची मर्यादाच घातलीय, अंगात ताकद आहे, दोष फार आहेत, वय भरात आहे अशालाही जास्तीत जास्त एक प्रस्थ. या कामापुरता प्रस्थ म्हणजे साडेतेरा पळं, हिशोब केला तर साधारण अर्धा लिटर ते साडेसहाशे मिली येतं, पळ किती ग्रॅमचं धरता त्यावर. आमची पिशवी ३५० नाहीतर ४५० मिलीची असते. मी कॅल्क्युलेटर खाली ठेवून नुसती बघत राहिले.

---

वैद्यकी

आणि त्याच्याच जवळ हेही आहे की थोडा दोष शिल्लक राहिला तरी चालेल, फार रक्त वाहू देऊ नका, उरलेलं औषधाने जिंका. सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात तर स्पष्टच आहे, "देहस्य रुधिरं मूलं रुधिरेणैव धार्यते", शरीराचं मूळ रक्त, रक्तानेच ते टिकतं, म्हणून जपा, रक्त म्हणजेच जीव. रक्त थांबवायचे चार उपाय दिलेत, जखमेची तोंडं जुळवणं, रक्त गोठवणं, पाचन आणि शेवटी डाग देणं. चुकीच्या वेधाचे २० प्रकार वेगळे मोजलेत.

सराव कशावर करायचा तेही सांगितलंय. मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. कमळाचा देठ हातात घेऊन बघा, आतून पोकळ नळ्या, वरून चिवट साल, बोटाला अगदी शिरेसारखा लागतो.

---

करडईचं_शेत

पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमचं सोलापूरकडे करडईचं पीक असायचं. मी कुठेतरी ऐकलं होतं की सुश्रुताने करडईची उपमा दिलीय, ते याच अध्यायात आहे का?

---

वैद्यकी

हो, सिरावेधाच्या त्याच अध्यायात. करडईच्या फुलांतून जसा आधी पिवळा रंग उतरतो तसं शीर उघडल्यावर आधी दूषित रक्त बाहेर येतं. कुसुंभ म्हणजे करडई.

---

करडईचं_शेत

मग हे ज्याने लिहिलं त्याने रंगाऱ्याचं काम जवळून बघितलंय. करडईची वाळलेली फुलं पाण्यात चोळली की पहिलं पाणी पिवळंजर्द निघतं, ते धुवून धुवून टाकलं की मागे लाल राहतो, आणि तोच लाल रंग कापडाला चढवायचा. आजी सांगायची पिवळं पाणी संपेपर्यंत हात थांबवायचा नाही. आमच्याकडे रंगासाठी कुणी नंतर केलं नाही, तेलासाठीच पीक, पण तिला माहीत होतं.

आजीवरून आठवलं, पोटात दुखलं की ती बेंबीवर कणकेचा दिवा ठेवून वात पेटवायची आणि वर तांब्या उपडा घालायची. दिवा विझायचा आणि तांब्या पोटाला असा चिकटायचा की ओढून निघत नसे. त्यात रक्त काढायचं नसे. हे तुंबडीतलंच ना?

---

सुईधारी

तत्त्व तेच. सुश्रुतात वातासाठी गायीचं शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी दुधी भोपळा, अलाबू, ज्याच्या आत दिवा पेटवून लावायचा, आधी कातडीवर फासण्या टाकून. तीच आपली तुंबडी. आणि सेल्ससकडे हुबेहूब जोडी आहे, एक काशाचं भांडं ज्यात पेटता बोळा टाकून उपडं घालायचं, दुसरं शिंग, टोकाला बारीक भोक, तिथून तोंडाने हवा ओढायची आणि भोक मेणाने बुजवायचं. फासण्या टाकल्या तर रक्त येतं, नाही टाकल्या तर नुसता ओढा, दोन्ही प्रकार तो सांगतो. म्हणजे आजीचा तांब्या दुसऱ्या प्रकारातला.

---

सीनकाठ

मी पॅरिसला असते, लूव्ह्रमध्ये एक छोटी ग्रीक तेलाची कुपी आहे, मुठीत मावेल एवढी, इ.स.पू. ४८०-४७० च्या सुमाराची. हा धागा वाचून रविवारी मुद्दाम परत बघून आले. एक तरुण वैद्य बसलेला, समोर रोगी उभा, त्याचा हात वैद्याने धरलाय आणि खाली जमिनीवर पसरट परात ठेवलीय रक्त पडायला. वर तुंबड्या टांगलेल्या, दवाखान्याच्या पाटीसारख्या. मागे रोग्यांची रांग, एकाच्या पायाला पट्टी आणि एक बुटका माणूस खांद्यावर ससा घेऊन उभा, वैद्याला द्यायला आणला असेल. अडीच हजार वर्षांपूर्वीची ओपीडी. परात बघून मला सुईधारींची पिशवी आठवली.

---

निवळी

मला एक प्रश्न, जरा नाजूक आहे. गॅलनने बायकांच्या पाळीचा आधार घेतला होता का? तसं वाचल्यासारखं वाटतं.

---

सुईधारी

नाजूक कशाला, मुद्द्याचा आहे. हो. एरॅसिस्ट्रॅटसच्या अनुयायांविरुद्ध त्याचा युक्तिवादच तो होता, की निसर्ग स्वतः बायकांच्या अंगातून दर महिन्याला जास्तीचं रक्त काढतो, आणि ज्यांची पाळी नीट येते त्यांना अनेक आजार होत नाहीत, मग वैद्याने निसर्गाचं अनुकरण का करू नये. हिपोक्रेटिसच्या सूत्रांत आधीच होतं की पाळी बंद होईपर्यंत बाईला गाऊट (सांधे सुजून दुखण्याचा आजार) होत नाही. निरीक्षण चुकीचं नाही, गाऊट बायकांना बहुतेक पाळी गेल्यावरच होतो, पण त्याचं कारण आज हार्मोन आणि युरिक ॲसिड असं सांगतात.

गॅलनचं स्वतःचंही एक आहे, तरुणपणी त्याला यकृताच्या बाजूला सतत दुखायचं. स्वप्नात दोनदा देवाने सांगितलं, उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीमधली धमनी उघड. उघडली, रक्त आपोआप थांबेपर्यंत वाहू दिलं, पौंडभरही नसेल, आणि दुखणं कायमचं गेलं असं तो लिहितो. धमनी! मी चुकून धमनीला लागले तर हात थरथरतात माझे.

---

पेशीगणित

मी या धाग्यातला रोगीच म्हणा. मला पॉलिसायथेमिया आहे, लाल पेशी प्रमाणाबाहेर तयार होतात, रक्त दाट होतं आणि गुठळीचा धोका. उपचार काय, तर ठरावीक काळाने शीर टोचून रक्त काढणं, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा. पहिल्यांदा डॉक्टर म्हणाले तेव्हा वाटलं हे कुठल्या शतकात आलो. डोकं जड, आंघोळीनंतर अंगभर खाज, हे रक्त काढल्यावर हलकं व्हायचं, ते मी शब्दात सांगू शकत नाही. विचार येतो की सेल्ससच्या समोर "दाट आणि काळं" रक्त असणाऱ्यांत एखादा माझ्यासारखा असेल आणि त्याला खरंच बरं वाटलं असेल. कृपया कुणी हे वाचून घरी प्रयोग करू नका, माझं दर वेळी रिपोर्ट बघून ठरतं.

---

वैद्यकी

दुजोरा. लोह साठण्याच्या आजारातही हाच उपचार आहे. जळवाही परत आल्यात, तुटलेलं बोट किंवा कान जोडल्यावर शिरेतलं रक्त तुंबतं तेव्हा प्लास्टिक सर्जन लावतात, अमेरिकेत २००४ साली त्यांना वैद्यकीय साधन म्हणून परवानगी मिळाली. तिच्या लाळेतलं हिरुडिन रक्त गोठू देत नाही.

---

निवळी

शेवटचं माझ्याकडून एक. ज्यूंच्या बॅबिलोनी तालमुद या धर्मग्रंथात अब्बा उमाना नावाच्या रक्त काढणाऱ्याची गोष्ट आहे, इ.स. चौथ्या शतकातली. तो काही मोठा पंडित नव्हता, पण त्याला रोज स्वर्गातून नमस्कार यायचा, आणि अबाये नावाच्या मोठ्या विद्वानाला आठवड्यातून एकदाच. अबायेला वाईट वाटलं, तेव्हा त्याला सांगितलं की तो करतो ते तुला जमणार नाही. काय करायचा? पुरुषांची जागा वेगळी, बायकांची वेगळी. बाई आली की तिला एक खास अंगरखा द्यायचा, त्याला रक्त काढायच्या जागी चिरा ठेवलेल्या, म्हणजे बाकी अंग उघडं पडू नये. आणि पैसे टाकायची पेटी बाहेर, जिथून त्याला दिसणार नाही अशी. ज्याच्याकडे असतील तो टाकेल, नसतील तो मान खाली न घालता आत येऊन बसेल.

---

सुईधारी

निवळी, हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. आमच्या शिबिरात मंडपात सगळ्या कॉट एका ओळीत, समोर गर्दी, फोटोवाले. गावातल्या बायका दारापर्यंत येतात आणि परत जातात. घट्ट ब्लाऊजची बाही कोपराच्या वर चढत नाही, साडीचा पदर सावरायचा की हात पुढे करायचा. मी १६ वर्षं समजत होते की बायका सुईला घाबरतात.

पुढचं शिबिर १५ ऑगस्टला शाळेच्या हॉलमध्ये आहे. आज साहेबांशी बोलले, भिंतीकडच्या दोन कॉट पडद्याआड लावायला हो म्हणालेत, आणि पाण्याचा माठ दाराशीच ठेवणार आहे.